ताप न येणारी मुलं

बगलेतला थर्मामीटर काढून सिस्टरने उजेडात धरला आणि आकडा मोठ्याने वाचला. चौतीस पॉइंट सहा. मुलीची आई खाटेच्या कडेला अंग चोरून बसली होती. तिला आकडा कळला नसावा, पण ताप नाही एवढं कळलं आणि तिचे खांदे जरा सैल झाले. सिस्टरने मात्र मदतनीस बाईंना हाक मारून ब्लँकेट आणि टोपी मागवली, मुलीचा तळपाय मुठीत धरून पाहिला, अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि तोंडातल्या तोंडात सेकंद मोजले. "ताप नाही म्हणूनच भेव वाटते, ताई," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मुलगी चौदा महिन्यांची होती आणि तिचं वजन भरलं पाच किलो. या वयाच्या मुलीचं वजन साधारण नऊ किलोंच्या पुढे असतं. दंडाचा घेर १०.४ सेंटिमीटर. अंगणवाडीत जी रंगीत पट्टी दंडाभोवती गुंडाळतात, तिच्यावर ११.५ च्या खाली लाल रंग सुरू होतो. दोन दिवस जुलाब होत होते आणि आदल्या संध्याकाळपासून ती अंगावर प्यायची थांबली होती. सुई टोचली तेव्हाही तिने नुसतं तोंड वाकडं केलं, आवाज काढला नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'पाऊस' हा विषय दिला, तेव्हा मी मेळघाटात जायचं ठरवलं. तिथला पाऊस देखणा आहे. सेमाडोहच्या पुढे रस्ता सागवानातून जातो आणि ऑगस्टमध्ये ढग गाडीच्या काचेला येऊन टेकतात. पण अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत आरोग्य खात्याचं वर्ष पावसाभोवती बेतलेलं असतं, कारण मुलं सर्वांत जास्त दगावतात ती याच दिवसांत. बालमृत्यूंचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. मला त्या आकड्यांच्या अलीकडचे तास पाहायचे होते. मूल दवाखान्यात पोचलं आहे, अजून जिवंत आहे, आणि पुढे काय होणार हे कोणाच्या तरी हातात आहे, ते तास.

कणगी तळाला गेल्यावर

इथल्या कोरकू आदिवासी घरात जुलै-ऑगस्टला धान्य संपत आलेलं असतं. नवं पीक हाती यायला दिवाळी उजाडते. रोजगार हमीची कामं पावसात थंडावतात, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात निंदणाची घाई मात्र याच वेळी असते. आई पहाटे जाते ती अंधार पडल्यावर येते. तान्हं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवस काढतं. नाल्याचं पाणी विहिरीत उतरतं, जुलाब सुरू होतात. ओल्या घरात धूर कोंडतो, छाती भरते. डास वाढतात, हिवताप येतो. यातला प्रत्येक आजार शहरातल्या धडधाकट मुलालाही होतो आणि आठवड्यात बरा होतो. इथे तो अशा मुलाला गाठतो, ज्याच्या अंगात त्या आठवड्यापुरतीही शिल्लक नसते.

हे दुखणं मेळघाटापुरतं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुलं उंचीच्या मानाने अतिशय कमी वजनाची, म्हणजे तीव्र कुपोषित गटातली निघाली. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ९.४ टक्के होता. राज्यातल्या दर नऊ-दहा मुलांमागे एक. नंदुरबार, गडचिरोली, पालघर ही नावं आपल्याला या संदर्भात पाठ आहेत, पण एवढा मोठा आकडा केवळ डोंगरातल्या पाड्यांनी भरत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात अशा तीव्र कुपोषित मुलाला 'सॅममधलं बाळ' म्हणतात. त्यांतली बहुतेक मुलं गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात किंवा घरी, चांगल्या आहारावर आणि नियमित तपासणीवर सावरतात. धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बायकांच्या हातून आणि स्थानिक पातळीवर बनवलेल्या पोषक आहारातून हे करून दाखवलं आहे. जी मुलं खात नाहीत, ज्यांना सूज आहे किंवा दुसरा आजार आहे, ती पोषण पुनर्वसन केंद्रात यायला हवीत. आणि त्यांतलीही थोडी अशी येतात, की त्यांना आल्या क्षणी आहार नव्हे, जीव टिकवणं लागतं. पाच किलोची ही मुलगी त्या थोड्यांपैकी होती.

आटोपतं घेणारं शरीर

तिला ताप का नव्हता, हे समजलं की बाकीचं बरंच समजतं.

धान्य संपत आलेल्या घरात बाई खर्च आवरते. आधी पाहुणे बंद, मग सणवार, मग रात्रीचा दिवा. उपाशी मुलाचं शरीर अगदी हेच करतं. आधी खेळणं थांबतं, मग वाढ थांबते. पुढे आतड्याचं अस्तर झिजून सपाट होतं, जठरातलं आम्ल घटतं, यकृत साखर आणि प्रथिनं कमी बनवतं, हृदयाचा स्नायू पातळ होतो. प्रत्येक पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारी यंत्रणा असते आणि ती चालवायला बरीच ऊर्जा लागते. तीही मंदावते; मग सोडियम आत साचतं आणि पोटॅशियम गळून जातं. मूत्रपिंडांना जादा मीठ-पाणी बाहेर टाकणं जमेनासं होतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जिथे तयार होतात, ती छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते.

ताप हा या शरीराला न परवडणारा खर्च आहे. निरोगी मूल जंतू शिरले की अंग तापवतं, रडतं, पांढऱ्या पेशी वाढवतं, जखम लाल करतं. कुपोषित मुलात यातलं काहीच धड होत नाही. न्यूमोनिया असून छाती फारशी उडत नाही. लघवीच्या मार्गात संसर्ग असून मूल किरकिरत नाही. उलट अंग गार पडतं आणि रक्तातली साखर उतरते. ही दोनच लक्षणं पुष्कळदा रक्तात जंतू पोचल्याची खबर देतात. सपाट झालेल्या आतड्यातून तिथले जंतू सहज रक्तात उतरतात, म्हणून बाहेरून काही लागायचीही गरज नसते.

यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेची सूचना अशी आहे की दाखल झालेल्या प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला, संसर्गाची खूण दिसो न दिसो, पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक द्यायचं. बगलेतलं तापमान ३५ अंशांखाली असेल किंवा साखर ५४ मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर संसर्ग आहे असं धरूनच चालायचं. पुराव्याची वाट पाहायला इथे वेळ नसतो.

जंतू आणि त्यांची विषद्रव्यं रक्तभर पसरली की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात. अंगातून रक्त वाहून गेलेलं नसतं, पण त्याचा दाब टिकत नाही. हातपाय गार होतात, नाडी बारीक आणि वेगवान होते, दाबलेल्या नखाला पुन्हा रंग यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात, मूल मलूल होत जातं. हा सेप्टिक शॉक. धडधाकट मुलाचं हृदय जोर लावून काही तास तरी ही घसरण पेलतं. पातळ भिंतींच्या हृदयात तो जोर कुठून येणार?

बाटलीतले पंचाहत्तर मिली

अशा मुलाला पाहून कोणाही चांगल्या डॉक्टरचा हात सलाईनकडे जातो. शिकवलेलंच ते असतं: शॉक म्हणजे भराभर द्रव. इथे मात्र तो हात आवरावा लागतो. पाझरणाऱ्या वाहिन्या, दुबळं हृदय आणि मीठ बाहेर न टाकू शकणारी मूत्रपिंडं अशी तिन्ही एकत्र आली असताना बाटली उघडी सोडली, तर पाणी फुप्फुसात साचतं. मूल शॉकमधून थोडं वर येतं आणि काही तासांनी धाप लागून जातं.

त्यात आणखी एक पेच आहे. जुलाबाने कोरडं पडलेलं मूल आणि सेप्टिक शॉकमधलं मूल बाहेरून सारखंच दिसतं. खोल गेलेले डोळे किंवा चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाणं, ही कोरडेपणाची नेहमीची चिन्हं इथे फसवतात, कारण कातडीखालची चरबीच संपलेली असते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात. मग ओळखायचं कसं? उपचारच तपासणीचं काम करतो. साखर घातलेलं सलाईन किलोमागे १५ मिली, पूर्ण एका तासात, आणि दर दहा मिनिटांनी नाडी व श्वास मोजायचे. दोन्ही उतरू लागले, तर पाणी हवं होतं; आणखी तेवढंच द्यायचं. काहीच फरक पडला नाही, तर हा सेप्टिक शॉक समजायचा, सलाईन अगदी हळू करायचं आणि ताजं रक्त किलोमागे १० मिली, तीन तासांत, सावकाश चढवायचं. नाडी आणि श्वास उलट वाढले, तर सलाईन तिथल्या तिथे थांबवायचं.

पाच किलोच्या मुलीसाठी याचा हिशेब ७५ मिली. सलाईनची बाटली ५०० मिलीची असते.

हातापायाची शीर सापडेना, म्हणून डोक्याच्या कातडीवर सापडली. तोवर सिस्टरने टाचेतून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली होती, ४१. ग्लुकोज शिरेतून गेलं आणि मग सलाईन जोडलं. वीज गेली होती आणि थेंब मोजणारं यंत्र बंद होतं. बारीक नळीच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून मिनिटाला ७५ थेंब पडले की तासाला ७५ मिली जातात. मोबाइलच्या उजेडात चक्री फिरवत फिरवत सिस्टरने तो वेग बसवला. आईच्या पदराखाली, तिच्या उघड्या छातीला चिकटवून मुलीला ठेवलं होतं. उबेचा याहून भरवशाचा मार्ग त्या खोलीत नव्हता. मेडिकल ऑफिसर तरुण होते, ग्रामीण सेवेच्या बॉण्डवर आलेले. त्यांनी तक्ता गुडघ्यावर घेतला आणि दर दहा मिनिटांनी आकडे लिहायला सुरुवात केली.

पहिल्या दोन नोंदींत काही हललं नाही. तिसरीत नाडी १६८ वरून १६० झाली, चौथीत १५६. श्वास बावन्नवरून अठ्ठेचाळीस. तास भरला तेव्हा पाय घोट्यापर्यंत कोमट झाले होते. डॉक्टरांनी दुसऱ्या तासाचं सलाईन लिहिलं. त्या रात्री त्यांनी दुसरं काही केलं नाही. कागदावर पाहिलं तर फारच थोडं केलं. पण त्या दोन तासांत ते दोघंही त्या खाटेपासून हलले नाहीत, आणि वॉर्डात त्या वेळी आणखी मुलं होती, शेजारी प्रसूतीचा कक्ष होता, तिथूनही हाका येत होत्या. मुलीचा जीव वाचायला औषध शंभर-दीडशे रुपयांचं लागलं असेल. माणसं मात्र दोन लागली, पूर्ण वेळ, तिच्या एकटीसाठी.

पहाटे नाकातल्या नळीतून पातळ दूध सुरू झालं. आरोग्य खात्यात त्याला एफ-७५ म्हणतात: १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमहूनही कमी. दूध, साखर, तेल आणि पाणी. दर दोन तासांनी ५५ मिली, म्हणजे अर्धी वाटीसुद्धा नाही. उपाशी मुलाला पहिले काही दिवस मुद्दाम कमी द्यायचं, हे आईला सांगणं सर्वांत अवघड असतं असं सिस्टर म्हणाली. लोह तर पहिल्या आठवड्यात द्यायचंच नाही, मूल कितीही पांढरं दिसो. रक्तातलं सुटं लोह जंतूंनाच पोसतं.

सगळ्यांचा पहिला तास असा जात नाही. आधीच्या आठवड्यात आलेल्या एका मुलाची नाडी उतरलीच नाही, असं तिने सांगितलं. त्याला रक्त हवं होतं. तालुक्याच्या गावी रक्तपेढी नाही, धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये घाट. १०८ ची गाडी वेळेवर आली होती. मूल परतवाड्याच्या अलीकडे गेलं.

सिपेटूचा धडा

या थोड्याथोडक्या, वेळ खाणाऱ्या उपचाराची मुळं जमैकात आहेत. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकात जॉन वॉटरलो यांनी कुपोषित मुलांच्या शरीरात नेमकं काय घडतं याचा अभ्यास सुरू केला. त्याच केंद्रात मायकेल गोल्डन आणि इतरांनी पुढे तो वाढवला. शरीर आटोपतं घेतं, म्हणून त्याला हळूहळूच पूर्ववत आणायचं, हे सूत्र तिथून निघालं आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्यांच्या रूपात जगभर पाठवलं. भारतातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांची नियमावली त्याच पायऱ्यांवर उभी आहे.

मला अधिक बोलकं वाटतं ते क्लेअर स्कोफिल्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांचं १९९६ मधलं काम. त्यांनी जगभरातले सदुसष्ट अभ्यास एकत्र मांडून पाहिले. रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण पन्नास वर्षं वीस ते तीस टक्क्यांच्या आसपासच अडकून होतं. या पन्नास वर्षांत अँटिबायोटिकं आली, सलाईन खेड्यापर्यंत पोचलं, तरी आकडा हलला नाही. कारण शोधताना त्या एका साध्या गोष्टीपाशी आल्या: उपचार चुकत होते. आल्याआल्या पोटभर आहार, सूज उतरवायला लघवीची औषधं, भरमसाट सलाईन, पहिल्याच दिवशी लोह.

पुढे अ‍ॅशवर्थ यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधल्या दोन ग्रामीण रुग्णालयांत दहा पायऱ्या लागू करून काय होतं ते पाहिलं. त्यातलं एक सिपेटू. तिथे मृत्यूंचं प्रमाण २५ टक्क्यांवरून २००० मध्ये १८ टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी सक्तीच्या सेवेवर नवे, या कामाचं शिक्षण न घेतलेले डॉक्टर आले आणि ते ३८ टक्क्यांवर गेलं. इमारत, औषधं, गाव, सगळं तेच होतं.

मेळघाटात मला सिपेटूची सारखी आठवण होत राहिली. इथे बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या जिल्ह्यांतून पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाठवले जातात. पावसाळ्यात नवसंजीवनी योजनेतली भरारी पथकं पाड्यापाड्यांत फिरतात. बॉण्डचे डॉक्टर वर्ष संपलं की जातात. त्यांतले किती जण मनापासून राबतात हे मी पाहिलं आहे. पण तो तरुण डॉक्टर सलाईन किती हळू सोडायचं हे कुणाकडून शिकला, असं मी विचारलं, तेव्हा त्याने सिस्टरकडे बोट दाखवलं. ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. दर वर्षी तिचं नूतनीकरण होतं, दर वर्षी तिला धाकधूक असते. या वॉर्डाचं सर्वांत मोलाचं ज्ञान जिच्यापाशी आहे, तिलाच पुढच्या वर्षी इथे असण्याची खात्री नाही. मेळघाटासाठी मला एकच गोष्ट मागायला सांगितली, तर मी या सिस्टरची कायम नेमणूक मागेन.

न सुटलेला प्रश्न

सलाईन किती द्यावं हा प्रश्न मिटलेला आहे असं कोणी समजू नये. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांवर झालेल्या चाचणीने बालरोगशास्त्र हादरलं. कॅथरिन मेटलंड यांच्या गटाने शॉककडे झुकलेल्या मुलांना एकतर भराभर सलाईन दिलं किंवा दिलं नाही. भराभर दिलेल्या गटांत दोन दिवसांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. जे वर्षानुवर्षं जीव वाचवणारं म्हणून शिकवलं गेलं होतं, ते आफ्रिकेच्या ग्रामीण रुग्णालयांत घातक ठरलं. या चाचणीत तीव्र कुपोषित मुलांना घेतलं नव्हतं. त्यांच्यासाठीचे नियम मोठ्या पुराव्यावर नव्हे, तर जाणकारांच्या अनुभवावर आणि हृदय झेपणार नाही या भीतीवर बेतलेले आहेत.

ती भीतीही आता तपासली जाते आहे. २०२५ मध्ये चार आफ्रिकी देशांतल्या २७२ कुपोषित, जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शिरेतून पाणी दिलेल्या आणि तोंडावाटे दिलेल्या मुलांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही आणि शिरेतून दिलेल्यांचं हृदय कोसळल्याचंही आढळलं नाही. म्हणजे नुसत्या जुलाबाच्या मुलात आपण कदाचित गरजेपेक्षा जास्त घाबरत होतो. सेप्टिक शॉकच्या मुलाला मात्र हे उत्तर जसंच्या तसं लागू होत नाही. त्याच्याबाबत जगातल्या मोठ्या केंद्रांतले तज्ज्ञही आज चाचपडत आहेत. अशा स्थितीत जवळ बसून मोजत राहणं हाच सर्वांत खात्रीचा मार्ग उरतो.

बाळसं आणि डंबा

मुलं उशिरा का येतात, याचं उत्तर देताना शहरातला माणूस पटकन अंधश्रद्धेवर येतो. कोरकूंमध्ये भुमका, म्हणजे पारंपरिक वैदू, आहे, आणि तान्ह्याचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची डंबा नावाची रीत आहे, हे खरं. वॉर्डातल्या एका बाळाच्या पोटावर ते वण होते. उघड्या जखमेतून जंतू आत जातात, हेही खरं. पण त्या बाळाच्या आजीशी आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, मदतीने बोलले, तेव्हा कळलं की भुमकाकडे नेण्याआधी ती उपकेंद्रावर जाऊन आली होती. कुलूप होतं. भुमका घरी होता. भुमकांनी रुग्ण दवाखान्यात आणावेत म्हणून त्यांना मानधन देण्याची योजना इथे राबवली गेली. ते शत्रू नाहीत हे प्रशासनालाही उमगलेलं आहे.

उशीर होण्याचं दुसरं कारण मला अधिक अस्वस्थ करून गेलं. काही कुपोषित मुलांच्या अंगावर सूज येते. पाय, मग चेहरा, हात. महिनाभर वाळत चाललेलं मूल अचानक गुबगुबीत दिसू लागतं आणि घरातल्यांना वाटतं, बाळाने बाळसं धरलं. वजनकाट्यालाही तेच वाटतं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का हे पाहिल्याशिवाय ही फसगत कळत नाही, आणि याच मुलांची कातडी सोलून निघते, यांच्याच मृत्यूंचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. मी आशाताईंबरोबर एका पाड्यावर गेले तेव्हा त्या प्रत्येक मुलाचे पाय आधी दाबत होत्या आणि दंड नंतर मोजत होत्या. असा क्रम त्यांना कुणी शिकवला नव्हता. मागच्या पावसाळ्यात एक सुजलेलं बाळ त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

आणि दवाखान्यात राहणं म्हणजे काय, तेही पाहायला हवं. चौदा दिवस आईने इथे राहायचं. घरी आणखी दोन मुलं, निंदण अर्धवट, नवरा एकटा. बुडीत मजुरी मिळते, पण ती हाती उशिरा येते. आयांनी मध्येच मूल उचलून नेलं म्हणून त्यांच्यावर रागावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

कुपोषणाने की आजाराने

१९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली. प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. डॉ. राजेंद्र बर्मा यांच्यासारख्यांच्या याचिकांवर तिथे वर्षानुवर्षं सुनावण्या होत आल्या आहेत. विधिमंडळात दर पावसाळ्यात प्रश्न येतो आणि उत्तरात एक वाक्य हमखास असतं: हे मृत्यू कुपोषणाने झालेले नसून न्यूमोनिया, जुलाब अशा आजारांनी झालेले आहेत.

ज्याने एक रात्र त्या वॉर्डात काढली आहे, त्याला हे वाक्य उच्चारता येणार नाही. त्या मुलीच्या रक्तात जंतू उतरले, कारण आतड्याचं अस्तर झिजलं होतं. ते कोणाला कळलं नाही, कारण तिच्या शरीराला ताप आणायची ऐपत नव्हती. आणि उपचाराची कड इतकी अरुंद झाली, कारण तिचं हृदय पातळ होतं. यातून जुलाब वेगळे काढून कुपोषण बाजूला कसं ठेवणार? जगातल्या पाच वर्षांखालच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांशी अल्पपोषणाचा संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या निम्म्यांपैकी पुष्कळांच्या कागदावर न्यूमोनिया किंवा जुलाबच लिहिलेलं असतं.

खरं तर कागदात जागा आहे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात तात्कालिक कारणाची ओळ वेगळी, त्यामागच्या कारणांच्या ओळी वेगळ्या, आणि मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर स्थितींसाठी आणखी एक रकाना असतो. सेप्टिक शॉक, त्याखाली जुलाब, आणि खाली तीव्र कुपोषण, असं सरळ लिहिता येतं. लिहिलं जात नाही, कारण लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वरून फोन येईल अशी भीती असते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवून दिलं की राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींत मोठ्या प्रमाणावर येतच नाहीत. गडचिरोलीत त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आधी प्रत्येक मृत्यू आणि त्याचं कारण नीट मोजलं होतं, म्हणून ती घटही दाखवता आली.

सुट्टी

पाच किलोची मुलगी तिसऱ्या दिवशी वाटीने प्यायला लागली. आठव्या दिवशी तिचं दूध घट्ट झालं, एफ-१००. मी निघाले त्या दिवशी ती मदतनीस बाईंच्या हातातला खुळखुळा ओढत होती आणि न मिळाल्यावर जोरात रडत होती. सिस्टरने ते रडणं तक्त्यात लिहिलं. दहा पायऱ्यांत खेळणं ही एक स्वतंत्र पायरी आहे.

दहावी पायरी पाठपुराव्याची. वजन पंधरा टक्क्यांनी वाढलं की सुट्टी, आणि मग ठरावीक अंतराने काही महिने तपासणी. या मुलीचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार आहे, बहुधा अचलपूरकडे, कदाचित त्याहून लांब. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी राज्याने मोबाइल ॲप केलं आहे. आशाताईंच्या गावात रेंज टेकडीवर मिळते. त्यांनी वेगळी सोय केली आहे: वहीच्या शेवटच्या पानावर मुकादमांची नावं आणि फोन नंबर. मुलीच्या बापाने नेहमीच्या मुकादमाचा नंबर लगेच दिला. पण यंदा त्याच्याकडेच जायचं की दुसऱ्याकडे, हे उचल कोण जास्त देतो त्यावर ठरेल, आणि ते दिवाळीच्या बाजारात कळेल, असं तो म्हणाला. आशाताईंनी नंबराशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि बाजारच्या दिवशी त्याला पुन्हा गाठायचं ठरवलं.